मत्स्यपेटीतील सकर मासा : त्याची निगा, आहार व एक सावधगिरी

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याची आवड आता शहरांपुरती राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या खेड्यांतून, शाळांतून व दवाखान्यांतूनही अशा मत्स्यपेट्या दिसू लागल्या आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी करावयाच्या शोभिवंत माशांच्या संगोपनाचा समावेश झाला, तेव्हापासून काही शेतकरी कुटुंबे याकडे जोडधंदा म्हणूनही पाहू लागली आहेत. या छंदाबरोबर एक मासा हमखास घरी येतो. पुस्तकांत त्याला प्लेको म्हणतात. बाजारात तो सकर मासा या नावाने विकला जातो.

हा मासा घेताना गिऱ्हाइकाला बहुधा असे सांगण्यात येते की, तो टाकी साफ ठेवतो आणि त्याला वेगळे खाद्य घालावे लागत नाही. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. त्यांवर विसंबून आणलेल्या माशाची गत सामान्यतः दोहोंपैकी एक होते. बोटाएवढा मासा पेटीत सोडला जातो. काही आठवड्यांत काचेवरचे शेवाळ संपते आणि मासा खंगून मरतो. किंवा इतर माशांच्या उरल्यासुरल्या खाद्यावर तो तग धरतो, वाढतो, वर्ष-दोन वर्षांत वीतभर होतो, आणि पेटी त्याला पुरेनाशी होते. मग जीव मारण्यापेक्षा सोडून दिलेला बरा, अशा भावनेने तो गावच्या विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात सोडला जातो. पहिल्या प्रकारात एका माशाचा जीव जातो. दुसऱ्या प्रकारात गावच्या पाण्याचे जे नुकसान होते, ते भरून काढणे जवळजवळ अशक्य असते.

गोठ्यात नवे जनावर आणणारा जाणता शेतकरी आधी चाऱ्याचा आणि जागेचा हिशेब करतो. सकर माशाच्या बाबतीतही हाच हिशेब आधी व्हावयास पाहिजे.

माशाची ओळख

सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. ॲमेझॉन, ओरिनोको आदी नद्यांच्या खोऱ्यांत त्याच्या कुळातील नऊशेहून अधिक जाती आढळतात. आपल्याकडील मागूर व शिंगाळा यांच्याप्रमाणे तोही मिशाळ माशांच्या मोठ्या गटात मोडतो. परंतु त्याच्या अंगावर हाडांच्या तकटांचे चिलखत असते. पाठीवरील व छातीवरील परांचे पहिले काटे जाड व कडक असतात. तोंड डोक्याच्या खालच्या बाजूस असून ओठ चकतीसारखे पसरट असतात. या ओठांनी तो काचेला, दगडाला किंवा लाकडाला चिकटून राहतो आणि बारीक दातांनी पृष्ठभाग खरवडून खातो. कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली या कुळातील एका जातीचे वर्णन करताना तिला ‘प्लेकोस्टोमस’ म्हणजे घडीच्या तोंडाचा असे नाव दिले. त्याचेच ‘प्लेको’ हे संक्षिप्त रूप आज जगभर रूढ आहे.

हा मासा निशाचर आहे. दिवसा तो लाकडाआड किंवा कपारीत स्वस्थ पडून राहतो व अंधार पडला की चरावयास निघतो. वनस्पतिजन्य अन्नावर राहणाऱ्या जातींचे आतडे अतिशय लांब असून ते घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे घालून पोटात बसलेले असते. कस कमी असलेले अन्न सतत व पुष्कळ खाणाऱ्या प्राण्याची ही रचना आहे. थोडक्यात, सकर मासा हा पाण्यातील चरणारा प्राणी होय. शेळीला एका वाफ्यात बांधून ठेवले तर वाफा संपल्यावर तिला चारा घालावाच लागतो. मत्स्यपेटीच्या चार काचा हा याहून मोठा वाफा नव्हे.

जात पाहून निवड

बाजारात एकाच नावाखाली अनेक जाती विकल्या जातात. त्यांपैकी दोन प्रकार ओळखता आले तरी पुढील बहुतेक अडचणी टळतात.

पहिला प्रकार म्हणजे स्वस्तात मिळणारा साधा सकर मासा. याच्या पाठीवरील पर शिडासारखा उंच असून त्यात सहसा दहा किंवा अधिक मऊ शलाका असतात. अंगावर बिबट्यासारखे ठिपके किंवा नागमोडी रेषा असतात. पूर्ण वाढल्यावर हा मासा ४० ते ५० सेंटिमीटर लांब होतो व अनेक वर्षे जगतो. दुकानात दिसते ते याचे केवळ पिल्लू असते.

दुसरा प्रकार झुपकेदार तोंडाचा. याला ब्रिसलनोज असे म्हणतात. याची लांबी सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरपर्यंतच वाढते. प्रौढ नराच्या नाकाडावर व कपाळावर मऊ फांद्यांसारखे तंतू फुटतात. मादीला ते नसतात किंवा केवळ ओठाच्या कडेला आखूड असतात. घरगुती पेटीसाठी हाच प्रकार योग्य होय. किंमत थोडी अधिक पडली तरी जागा, पाणी, खाद्य व विजेचा खर्च पाहता शेवटी तोच स्वस्त ठरतो.

टाकीचा हिशेब

एक घनफूट जागेत सुमारे २८ लिटर पाणी मावते. घरोघर आढळणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटी घेतली तर तीत सुमारे ५६ लिटर पाणी बसते. एवढी जागा ब्रिसलनोजच्या पिल्लाला काही काळ पुरते, कायमची नव्हे. प्रौढ ब्रिसलनोजला तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे १३० लिटरची पेटी द्यावी. साध्या सकर माशाला सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ६८० लिटरची टाकी लागते. एवढी सोय ज्याच्याकडे नाही त्याने हा मासा घेऊच नये. लहान पेटीत मासा आपली वाढ आटोक्यात ठेवतो, हा समज चुकीचा आहे. तशा पेटीत त्याची वाढ खुंटते ती साचलेली घाण, अपुरा प्राणवायू व उपासमार यांमुळे. आणि असा मासा अकाली मरतो.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणून १३० लिटरच्या पेटीचे ओझे काच, दगड व वाळू धरून दीड क्विंटलच्या पुढे जाते. पेटी पक्क्या, सपाट व न हलणाऱ्या बैठकीवर ठेवावी. खिडकीतून ऊन येईल अशी जागा टाळावी. पेटीवर झाकण अवश्य असावे. तळाला गोलसर, धार नसलेली वाळू किंवा गोटे घालावे व माशाला दिवसा लपावयास मातीची कुंडी आडवी करून किंवा चपटे दगड रचून आडोसा करावा. आडोसा नसेल तर हा मासा बिचकलेला राहतो व खाणे सोडतो.

पाण्याची निगा

सकर माशाला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे व साधारणपणे ६.५ ते ७.५ सामूचे पाणी मानवते. आपल्याकडील कठीण पाणीही ब्रिसलनोज हळूहळू अंगवळणी पाडून घेतो; अचानक होणारा बदल मात्र त्याला सोसत नाही. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. असे पाणी उघड्या भांड्यात किमान एक दिवस ठेवून, मधूनमधून ढवळून, मगच पेटीत घालावे. कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही आधी उघड्यावर ठेवून ढवळावे.

हा मासा खूप खातो, म्हणून खूप विष्ठा टाकतो. टाकी साफ ठेवणारा मासा म्हणून ज्याची ख्याती, तोच टाकीत इतरांपेक्षा अधिक घाण करतो, हे पुष्कळांना अनुभवानंतरच कळते. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात मिसळतो. जमिनीत शेणखतातील नत्राचे ज्या प्रकारच्या जिवाणूंमुळे नायट्रेटमध्ये रूपांतर होते, तशाच जिवाणूंमुळे पेटीतही विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व नंतर कमी अपायकारक नायट्रेट बनते. हे जिवाणू गाळणीच्या स्पंजावर व वाळूवर वाढतात. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ जाईपर्यंत सकर मासा आणू नये. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरिनमुळे हे उपयोगी जिवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यावा.

दर आठवड्यास पेटीतील सुमारे चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच मुरविलेले पाणी घालावे. काढलेले पाणी फेकून देऊ नये. त्यात औषध किंवा मीठ घातलेले नसेल तर परसातील भाजीला ते चांगले मानवते, कारण त्यात नत्र असते.

पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात हवेचा पंप रात्रंदिवस चालू असावा. वीज वारंवार जात असेल तेथे बॅटरीवर चालणारा हवापंप ठेवावा. तो नसेल तर तांब्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत ओतीत राहावे. थंडीत रात्रीचे पाणी फार उतरते अशा भागात तापमान नियंत्रक असलेली तापककांडी वापरावी व पेटीत हात घालण्यापूर्वी विजेची जोडणी न चुकता काढावी.

आहार

आता मुख्य प्रश्न आहाराचा. सकर मासा काचेवरील मऊ हिरवे व तपकिरी शेवाळ खातो, हे खरे. परंतु दोऱ्यासारखे वाढणारे चिवट शेवाळ तो सहसा खात नाही. निळसर-हिरवा बुळबुळीत थरही तो सोडून देतो. माशांची विष्ठा तर तो मुळीच खात नाही. सारांश, पेटीतील घाण हे त्याचे अन्न नव्हे. त्याला रोज स्वतंत्र खाद्य दिले पाहिजे.

भाजीपाला. शेतकऱ्याच्या घरी या माशाच्या आहाराचा मोठा भाग विकत घ्यावा लागत नाही. काकडी, दोडका, दुधी भोपळा, लाल भोपळा, पालक व सोललेले वाटाणे हे सर्व त्याला चालते. काकडीची बोटभर जाडीची चकती कच्चीच द्यावी. दोडका व दुधी सोलून, चकत्या करून दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यात धराव्या. लाल भोपळा थोडा अधिक वेळ शिजवावा. पालकाची पाने उकळत्या पाण्यात बुडवून लगेच काढावी. सर्व भाजी पूर्ण थंड झाल्यावरच पेटीत घालावी. तेल, मीठ, मसाला यांचा स्पर्श होऊ देऊ नये. भाजी पाण्यावर तरंगते. म्हणून ती स्टीलच्या काट्याला टोचून किंवा स्वच्छ दगडाला दोऱ्याने बांधून तळाशी ठेवावी.

काकडी या माशाला फार प्रिय असते, तथापि तिच्यात शेकडा ९५ च्या आसपास पाणीच असते. केवळ काकडीवर ठेवलेला मासा पोट भरूनही अशक्त राहतो. म्हणून भाज्या आलटून पालटून द्याव्या.

तयार खाद्य. शेवाळ व वनस्पतींपासून केलेल्या, तळाशी बसणाऱ्या वड्या बाजारात मिळतात. आठवड्यातून तीन-चार वेळा अशी वडी द्यावी. प्रौढ ब्रिसलनोजला एका वेळी एक लहान वडी पुरते. आठवड्यातून एकदा प्रथिनयुक्त, तळाशी बसणारे खाद्य अगदी थोडे द्यावे. त्याचे प्रमाण वाढविल्यास वनस्पतिभक्षक माशाचे पोट बिघडते. भात, पोळी, पाव किंवा पीठ कधीही घालू नये. ते पाण्यात विरघळून सडते आणि एका रात्रीत पाणी नासते.

लाकूड. पेटीत पाण्यात बुडून राहणारा लाकडाचा एक ओंडका ठेवावा. लाकडावर जिवाणू, शेवाळ व सूक्ष्म जीव यांचा पातळ थर बसतो. तो खरवडण्यात माशाची रात्र जाते व दिवसा त्याच्या सावलीत त्याला विसावा मिळतो. या कुळातील काही जाती लाकूडच कुरतडतात. लाकूड जुने, कठीण व पूर्ण वाळलेले असावे. चीक किंवा राळ असलेले लाकूड व कडुलिंबाचे लाकूड वापरू नये. नवे लाकूड उकळून व काही दिवस पाण्यात भिजत ठेवून मग पेटीत घालावे. त्यातून उतरणारा चहासारखा रंग अपायकारक नसतो.

वेळ व प्रमाण. दिवे मालविल्यावर खाद्य द्यावे. दिवसा दिलेली वडी इतर मासे फस्त करतात आणि सकर मासा उपाशी राहतो. मालकाला मात्र खाद्य दिल्याचे समाधान वाटते. रात्री घातलेली भाजी सकाळी काढून टाकावी. उन्हाळ्यात तर ती बारा तासांपेक्षा अधिक काळ मुळीच राहू देऊ नये. सकाळी पुष्कळ भाजी उरली असेल तर दुसऱ्या दिवशी चकती लहान करावी. काहीच उरले नसेल तर थोडी वाढवावी.

पोटावरून परीक्षा. जनावराच्या कुशीवरून त्याची खाण्याची स्थिती कळते, तशी सकर माशाची स्थिती त्याच्या पोटावरून कळते. मासा काचेला चिकटला असता बाहेरून त्याचे पोट पाहावे. पोट किंचित फुगीर किंवा सपाट असेल तर आहार योग्य आहे. पोट आत गेलेले व डोळे खोल गेलेले दिसले तर मासा बरेच दिवस उपाशी आहे असे समजावे. अंगावर चिलखत असल्यामुळे वरून पाहता तो धडधाकटच दिसतो. फसगत होते ती यामुळे. मासा विकत घेतानाही हीच परीक्षा करावी. उपाशी सकर मासा कधी कधी गोल्डफिशसारख्या संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरील बुळबुळीत थर खरवडतो व त्यांना जखमा करतो. असे दिसल्यास आहार वाढवावा आणि मासे वेगळे करावे.

फवारणीच्या विषापासून जपणूक

शेतकऱ्याच्या घरी या माशाला सर्वांत मोठा धोका असतो तो कीटकनाशकांचा. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. म्हणून नुकतीच फवारणी झालेल्या वाफ्यातील भाजी माशाला घालू नये. परसातील बिनफवारणीचा एखादा वेल त्यासाठी राखावा. बाजारची भाजी असेल तर ती वाहत्या पाण्यात चांगली धुऊन व सोलून घ्यावी. फवारणी करून आलेल्या हातांनी किंवा कपड्यांनी पेटीजवळ जाऊ नये. फवारणीची बादली, मग किंवा नळी पेटीच्या कामास कधीही वापरू नये. घरातील डासांच्या औषधांतही याच वर्गातील द्रव्ये असतात. ज्या खोलीत पेटी आहे तेथे त्यांचा फवारा मारू नये. हवापंप खोलीतील हवा खेचून सरळ पाण्यात सोडतो, हे विसरता कामा नये.

हाताळणी व रोग

या माशाला जाळीने पकडू नये. परांचे काटे जाळीत अडकतात व सोडविताना पर फाटतात. रुंद तोंडाचे भांडे बुडवून मासा त्यात अलगद हाकावा. नवा मासा आणल्यावर पिशवी अर्धा तास पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, त्यात थोडेथोडे पेटीतील पाणी घालीत जावे व नंतर मासा सोडावा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे हा सर्वसाधारण रोग होय. तांबे असलेली औषधे व मीठ ही सकर माशाला इतर माशांपेक्षा अधिक बाधतात; म्हणून जाणकाराला विचारल्याशिवाय ती वापरू नयेत. मासा वारंवार पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ लागला तर आधी प्राणवायू व पाण्याची स्वच्छता यांकडे लक्ष द्यावे. पाणी सुधारले की बहुतेक तक्रारी औषधावाचून दूर होतात.

घरच्या घरी वीण

ब्रिसलनोजची वीण पेटीत सहज होते. सुमारे एक वर्षाची एक नर-मादीची जोडी ठेवावी. नराला अंगाबरोबर बसेल अशी, एका बाजूने बंद असलेली पोकळी द्यावी. सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचा व पंधरा सेंटिमीटर लांबीचा बांबूचा किंवा भाजलेल्या मातीचा नळा यास चांगला. मादी त्यात नारिंगी रंगाच्या अंड्यांचा घोस घालते व निघून जाते. पुढील सारे काम नराचे. तो पोकळीच्या तोंडाशी बसून परांनी अंड्यांवर पाणी खेळवितो व जवळ येणाऱ्यास हाकलतो. या काळात त्याला त्रास देऊ नये. सुमारे पाच दिवसांत अंडी फुटतात आणि पिल्ले आणखी काही दिवस पोटाशी असलेल्या बलकावर जगतात. बलक संपताच त्यांना खाद्य लागते. शिजविलेल्या भोपळ्याचा किंवा दोडक्याचा तुकडा पेटीत सतत असावा. मात्र तो दिवसातून दोनदा बदलावा व पाणी लवकर लवकर पालटावे. पिल्ले दगावतात ती बहुधा उपासाने किंवा नासलेल्या पाण्याने.

जोडधंदा म्हणून हे काम करू इच्छिणाऱ्याने आधी जवळच्या दुकानदारांकडे मागणीची चौकशी करावी. खप किती होईल याचा अंदाज घेतल्याशिवाय जोड्या वाढवू नयेत; न खपलेली पिल्ले हा पुढे सांगितलेल्या संकटाचा प्रारंभ ठरू शकतो.

विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नये

साधा सकर मासा आज भारताच्या अनेक पाण्यांत पोहोचला आहे. केरळमधील कालवे व पाणथळ जागा, पूर्व कोलकाता येथील भेड्या, आंध्र प्रदेश व तेलंगणातील तलाव, या ठिकाणी तो आढळला आहे. २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही तो सापडला. महाराष्ट्रात भीमेवरील उजनी जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. दक्षिण अमेरिकेतील हा मासा येथवर आपण होऊन आलेला नाही. शोभेच्या माशांच्या व्यापारातून तो आला आणि माणसाच्या हातून पाण्यात गेला.

तो टिकतो याची कारणे त्याच्या शरीरातच आहेत. पाण्यातील प्राणवायू कमी झाला की तो वर येऊन हवा गिळतो व पोटाच्या भित्तिकेतून ती शोषून घेतो. ओलसर जागी तो पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो. चिलखत व काटे यांमुळे इतर मासे व पक्षी त्याला सहज खाऊ शकत नाहीत. वीण करण्यासाठी नर काठाच्या मातीत खोल बिळे कोरतो. अशा बिळांमुळे मातीचे काठ व बांध पोखरले जाऊन ढासळतात. त्याचे काटे जाळ्यांत गुंतून जाळी फाटतात, आणि पकडलेल्या माशाला बाजारात भाव नसतो. रोहू, कटला व स्थानिक माशांच्या वाट्याचे अन्न मात्र तो खात राहतो. मेक्सिकोतील इन्फिएर्निलो जलाशयात व फिलिपाइन्समधील लागुना द बाय या सरोवरात या माशामुळे मच्छीमारांचे मोठे नुकसान झाले. एकदा फैलावल्यावर तो मोठ्या पाण्यातून समूळ काढता आल्याचे उदाहरण दुर्मीळच आहे.

खेड्यांत आणखी एका कारणाने गैरसमज होतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग पाणवठ्यांत गप्पी मासे सोडतो, हे लोकांनी पाहिलेले असते. त्यावरून सकर मासाही विहिरीचे पाणी साफ करील असे वाटते. गप्पी माशाचे काम सकर मासा करीत नाही. विहिरीत तो उपासाने झुरतो आणि पुराच्या पाण्याने ओढ्यात गेला तर वर सांगितलेली हानी करतो.

मुक्या जीवाला सोडून देण्यामागील दया खरी असते. परंतु त्या दयेची झळ पाणवठ्यातील हजारो जिवांना व त्यांवर पोट असलेल्या मच्छीमार कुटुंबांना लागते. मासा नकोसा झाल्यास तो दुकानदारास परत द्यावा, मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा, किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा. तळ्यात किंवा नदीत हा मासा जाळ्यात आल्यास तो पुन्हा पाण्यात टाकू नये, व काठावरील ओल्या चिखलातही टाकू नये, कारण तेथून तो परत पाण्यात जाऊ शकतो. तो मेल्याची खात्री करून पाण्यापासून दूर पुरावा आणि कोठे, केव्हा सापडला याची माहिती त्याच कार्यालयास कळवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी आपल्या गावात मत्स्यपेट्या कोणाकडे आहेत व त्यांत सकर मासा आहे काय, याची सहज चौकशी करावी. तळ्याचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थांना या माशाचे चित्र दाखवावे. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी त्यात हा मासा मिसळलेला नाही, याची पाहणी करावयास सांगावे. शाळेत पेटी असेल तर मुलांकडूनच रात्रीचे खाद्य, आठवड्याचे पाणी व माशाची लांबी यांची नोंद ठेववावी. मुलांनी मोजपट्टी लावून पाहिलेली वाढ हा घरच्यांसाठीही उत्तम पाठ ठरतो.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. साधा सकर मासा हातभर वाढतो. घरच्या पेटीसाठी ब्रिसलनोज घ्यावा.

२. नवी पेटी चार ते सहा आठवडे चालल्यावरच मासा आणावा.

३. शेवाळ हा पूर्ण आहार नव्हे. दिवे मालविल्यावर रोज भाजी किंवा वडी द्यावी व उरलेले सकाळी काढावे.

४. पेटीत लाकूड व आडोसा असावा. हवापंप बंद पडू देऊ नये.

५. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे.

६. फवारणीची भाजी, फवारणीचे हात व डासांचा फवारा पेटीपासून दूर ठेवावा.

७. माशाची प्रकृती पोटावरून पाहावी.

८. कोणत्याही कारणाने हा मासा विहिरीत, शेततळ्यात, ओढ्यात किंवा नदीत सोडू नये.

या आठ गोष्टी ज्याच्याकडून पाळल्या जातील त्याच्या पेटीतील मासा अनेक वर्षे सुखाने नांदेल. ज्याला त्या पाळणे शक्य नसेल त्याने हा मासा न आणणे हेच माशाच्या व गावच्या पाण्याच्या हिताचे होय.